आधी काडतूस, मग बंदूक

मराठी शिकविणाऱ्या माणसाने बंदुकांवर लेख लिहावा, आणि तोही चकल्या-करंज्यांच्या दिवसांत, याचे वाचकांना नवल वाटल्यास मी त्यांना दोष देणार नाही. माझा आणि बंदुकीचा संबंध शब्दाच्या वाटेने आला. वर्गात गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चालू होता. सत्तावन सालच्या गडबडीचे मूळ म्हणून काडतुसांची हकीकत सांगून झाली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, काडतूस तर पितळेचे असते. ते दातांनी तोडायचे कसे?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर दिले ते दोन वाक्यांचे. पण त्याच्या मागे लागून मी जे वाचीत गेलो ते संपता संपेना. काडतूस हा शब्द आपल्याकडे फिरंग्यांबरोबर आला. पोर्तुगीजांचा ‘कार्तुशु’, फ्रेंचांचा ‘कार्तूश’ आणि या दोघांच्या मागे इटालियन ‘कार्तोच्यो’, म्हणजे चक्क कागदाची सुरळी. आपला चणेवाला करतो तशी. तिच्यात मोजून दारू आणि एक शिशाची गोळी बांधलेली. दातांनी टोक तोडायचे ते या सुरळीचे. जाता जाता आणखी एक गंमत सांगतो. १७९८ साली नेपोलियनबरोबर ईजिप्तमध्ये गेलेल्या शिपायांना तिथल्या देवळांच्या भिंतींवर राजांच्या नावांभोवती लांबट वर्तुळे कोरलेली दिसली. त्यांना ती आपल्या कमरेच्या पेटीतल्या सुरळ्यांसारखी वाटली, म्हणून त्यांनी त्यांना ‘कार्तूश’ म्हटले. पुढे १८२२ मध्ये शांपोल्यों या पंडिताने ईजिप्तची चित्रलिपी उलगडली ती याच कार्तुशांमधली राजांची नावे लावून. विद्वानांच्या ग्रंथांत तो शिपाईगडी शब्द आजही कायम आहे.

फ्रेंच लष्करी बंदुकांचा इतिहास वाचताना माझी एक समजूत बदलली. बंदूक आधी तयार होते आणि काडतूस तिच्या मापाने बेततात, असे मला वाटे. पायाच्या मापाने वहाण शिवावी, तसे. प्रत्यक्षात गेली दोनशे वर्षे काडतूस हा पाय आहे आणि बंदूक ही वहाण. एकदा पाय वाकडा झाला की कितीही कसबी चांभार आणा, वहाण वाकडीच शिवावी लागते. फ्रान्समध्ये हा पाय एका वर्षी घाईने वाकडा झाला आणि त्याची किंमत पुढे एका संपूर्ण पिढीने मोजली. ते वर्ष १८८६. पण तिथे पोचण्याआधी थोडे मागे जायला हवे.

नेपोलियनच्या सैन्याने युरोप पायाखाली घातला तो १७७७ च्या नमुन्याच्या चकमकीच्या बंदुकीवर. नळीचा व्यास साडेसतरा मिलिमीटर, आतून अगदी गुळगुळीत. शिपायाने सुरळी दातांनी तोडावी, चिमूटभर दारू चकमकीजवळच्या कानात घालावी, उरलेली नळीत ओतावी, मग कागदासकट गोळी लोटून गजाने ठासावी. सराव झालेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. गोळी नळीपेक्षा बारीक असल्यामुळे बाहेर पडताना ती भिंतींवर आपटत जाई आणि शंभर पावलांपलीकडे ती कोणाला लागेल हे देवालाच ठाऊक. म्हणून तर शेकडो शिपाई खांद्याला खांदा लावून उभे करीत. एकाची नाही तर दुसऱ्याची लागेल!

योगायोग असा की त्याच १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलच्या किनाऱ्याला उतरून पुण्यात नाना फडणिसांच्या भेटीला आला. फ्रेंच फौज आणि युद्धसाहित्य यांची त्याने भरघोस आश्वासने दिली. हाती फारसे काही आले नाही. इंग्रज मात्र धास्तावले आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या कारणांत हे एक कारण वाढले. फ्रेंच कवाइतीची ओळख मराठ्यांना त्याच्याही आधीची. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी ती बुसीच्या हाताखाली शिकला होता, आणि ‘गारदी’ हा शब्दच फ्रेंच ‘गार्द’ म्हणजे पहारेकरी यावरून आला असे मानतात. नारायणरावांच्या खुनामुळे या शब्दाला जो काळा रंग चढला तो आजतागायत उतरलेला नाही.

गोळी सरळ जायची तर तिला भोवऱ्यासारखी गिरकी हवी आणि त्यासाठी नळीत मळसूत्री आटे हवेत, हे शिकारी लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. अडचण ठासण्याची. आट्यांत घट्ट बसेल अशी गोळी तोंडाकडून आत घालायची म्हणजे हातोडीचे काम. आणि लढाईत हातोडीला सवड कोण देतो? सैल गोळी आत सोडावी तर ती आटे धरीत नाही. आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट अशी गोळी पाहिजे! या कोड्यापायी फ्रेंच अधिकाऱ्यांनी वीस-पंचवीस वर्षे डोके शिणवले. १८२६ मध्ये देल्व्हिन याने नळीच्या तळाशी एक कडा दिली आणि तिच्यावर टेकलेली गोळी गजाने ठोकून फुगवली. तूव्हनँ याने नळीच्या बुडाशी एक खुंटीच बसवली. अखेर १८४९ साली कॅप्टन मिनिये याने कोडे सोडवले. त्याची गोळी लांबट, टोकाला निमुळती आणि बुडाला पोकळ. पोकळीत एक लोखंडी वाटी. बार झाला की दारूचा वायू वाटीला पुढे रेटतो, वाटी शिशाला फुगवते आणि गोळी आट्यांना घट्ट धरून गिरक्या घेत बाहेर पडते. ना हातोडी, ना खुंटी. शंभर पावलांची बंदूक कित्येकपट लांब पोचू लागली.

मिनियेचे चीज आधी केले ते इंग्रजांनी. त्यांनी या कल्पनेपोटी त्याला २०,००० पौंड दिले आणि तिच्याच आधारे १८५३ ची एन्फिल्ड रायफल काढली. क्रिमियाच्या लढाईत फ्रान्सच्या साध्या पायदळाच्या हाती मात्र बव्हंशी बिनआट्याच्याच बंदुका होत्या. घरच्या गुणवंताचे कौतुक शेजाऱ्याने आधी करावे हा प्रकार आपल्याला काही परका नाही.

ही एन्फिल्ड १८५७ च्या आरंभी बंगालच्या पलटणींत शिरली. गोळी नळीतून सहज सरकावी आणि आतली काजळी मऊ राहावी म्हणून सुरळीचे गोळीकडचे टोक चरबीत बुडवलेले असे, आणि शिरस्त्याप्रमाणे सुरळी तोडायची दातांनी. चरबी गाईची की डुकराची, हा प्रश्न मग पलटणीपलटणीतून कसा फिरला, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे कसा उठला आणि १० मेला मेरठला काय झाले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ज्यांनी ते काडतूस नाकारले त्यांना त्याबरोबर ती रायफलही नाकारावी लागली. पुढची दोन वर्षे ते बव्हंशी जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांनीच लढले आणि समोरच्या गोऱ्या पलटणींच्या हातांत लांब पल्ल्याची एन्फिल्ड येत गेली. पराभवाची कारणे अनेक. त्यांत हेही एक, आणि लहान नव्हे.

इकडे प्रशियात ड्रायझे नावाच्या कारागिराने तोंडाकडून ठासण्याची कटकटच काढून टाकली होती. त्याच्या बंदुकीत काडतूस मागून, बोल्ट उघडून घालीत. चाप ओढला की एक लांब सुई कागद आणि दारू भेदून गोळीच्या बुडाशी ठेवलेल्या स्फोटक टिकलीवर जाऊन आदळे. १८६६ साली साडोवाच्या रणांगणावर या सुईच्या बंदुकीने ऑस्ट्रियाचा धुव्वा उडवला. प्रशियन शिपाई पडल्या पडल्या बार भरीत होता, ऑस्ट्रियन शिपायाला त्यासाठी उभे राहावे लागत होते.

पॅरिसमध्ये धावपळ उडाली. सरकारी शस्त्रशाळेतला आंत्वान शास्पो हा कारागीर बरीच वर्षे अशाच एका बंदुकीवर खपत होता. तिला त्याच वर्षी मान्यता मिळाली. शास्पोची गोळी ११ मिलिमीटरची, प्रशियाच्या गोळीहून बारीक आणि वेगवान. ड्रायझेच्या बंदुकीचा मोठा दोष म्हणजे बोल्टच्या फटीतून जळता वायू मागे येई आणि शिपाई तोंड भाजेल या भीतीने गाल लावून नेम धरायला धजत नसे. शास्पोने बोल्टच्या तोंडाशी रबराची एक चकती बसवली. बार होताच ती दबून पसरे आणि फट बंद. नेमपट्टीवर आकडे १२०० मीटरपर्यंत. ड्रायझेच्या साधारण दुप्पट. पहिला प्रयोग झाला तो ३ नोव्हेंबर १८६७ ला मेंताना येथे, गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांवर. फ्रेंच सेनापती द फायी याने शास्पोने चमत्कार केला अशा अर्थाचा अहवाल पाठवला आणि तो छापूनही आला. इटालियन माणसाच्या मनातून ते शब्द कित्येक वर्षे गेले नाहीत. दुसऱ्याच्या पोरांच्या प्रेतांवर आपल्या हत्याराची जाहिरात करू नये, एवढे तारतम्य सेनापतीला असायला हरकत नव्हती.

१८७० च्या युद्धात शास्पोने आपले काम चोख केले. १८ ऑगस्टला सेंट प्रिव्हा गावासमोरच्या उघड्या उतारावर प्रशियाच्या राजाची खास गार्ड पलटण चालून आली आणि काही वेळातच तिचे सुमारे ८,००० लोक पडले. ड्रायझेच्या टप्प्यात येण्याआधीच पुष्कळ जण संपले होते. तरी युद्ध फ्रान्स हरले. क्रुपच्या पोलादी तोफा आणि प्रशियन सेनापतींची शिस्त यांच्यापुढे एकटी बंदूक काय करणार? २ सप्टेंबरला सेदान येथे सम्राटासह अख्खे सैन्य शरण गेले. लाखो शास्पो जर्मनांच्या हाती पडल्या; त्यांतल्या पुष्कळशा कापून, आखूड करून त्यांनी आपल्या घोडदळाला वाटल्या. या युद्धात पोरगेला मोपासाँही सैन्यात होता. त्याच्या कथांत भेटणारा हरलेला, ओशाळलेला फ्रान्स तो हाच.

कागदी सुरळीचे दिवस मात्र भरले होते. ती भिजे, फाटे, जळून मागे राख ठेवी. १८७४ मध्ये ग्रा या अधिकाऱ्याने शास्पोलाच पितळी पुंगळीचे काडतूस बसवले. व्यास तोच, ११ मिलिमीटर. पितळ स्वतःच फुगून मागची फट बुजवीत असल्याने रबरी चकतीही गेली. वर्गातल्या मुलाच्या डोळ्यांसमोरचे काडतूस ते हे. या ग्रा काडतुसाची पुंगळी जाड, बुडाला रुंद कडेची होती. ही पुंगळी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचे सगळे रामायण तिच्यामुळे घडले.

१८८४ साली पॅरिसच्या सरकारी प्रयोगशाळेत पॉल व्हियेय या रसायनशास्त्रज्ञाने, पाचशे वर्षांत जमले नव्हते ते केले. अमलात भिजवलेला कापूस, म्हणजे गनकॉटन, हा भयंकर स्फोटक. बंदुकीत घातला तर नळीच फोडणारा. व्हियेयने तो ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवून त्याची कणीक केली, ती लाटली, पातळ पापडासारखी वाळवली आणि तिचे बारीक चौकोनी तुकडे केले. हे तुकडे स्फोट पावत नसत; शिस्तीने, थराथराने जळत. ताकद काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट आणि धूर जवळजवळ नाही. फ्रेंचांनी तिला ‘पूद्र ब’ म्हटले. ‘ब’ म्हणजे ब्लांश, पांढरी.

बिनधुराच्या दारूचे महत्त्व आज आपल्याला पटकन कळत नाही. तोपर्यंतची लढाई म्हणजे धुराचा डोंगर. दोन फैरी झाल्या की समोरचे दिसत नसे आणि ज्याने बार काढला त्याच्या डोक्यावर पांढरा ढग उभा राही: मी इथे आहे, मला मारा! आता शिपाई झुडपामागून दहा गोळ्या झाडील आणि कोणाला पत्ता लागणार नाही. शिवाय गोळी सेकंदाला ४५० मीटरऐवजी ६०० हून अधिक वेगाने जाणार, म्हणून ती बारीक आणि हलकी चालणार, म्हणून शिपायाच्या पेटीत जास्त मावणार. युरोपातल्या सगळ्या बंदुका एका रात्रीत भंगार झाल्या आणि रहस्य फक्त फ्रान्सजवळ होते. १८७० चा अपमान धुऊन काढायला असा योग पुन्हा आला नसता.

इथेच घोडे पेंड खाते. जानेवारी १८८६ मध्ये जनरल बूलांजे युद्धमंत्री झाला. देखणा, सोनेरी दाढीचा, काळ्या घोड्यावरून मिरवणारा आणि लोकांच्या गळ्यातला ताईत. जर्मनीवर सूड उगवायला निघालेल्या या माणसाला नवी बंदूक हवी होती, आणि ती काही महिन्यांच्या आत. नव्या दारूसाठी नवे काडतूस मुळापासून आखायचे तर यंत्रे, साचे, चाचण्या यांत वर्षे गेली असती. समितीने आडवाट धरली. हातातली जाडजूड ग्रा पुंगळी घेतली, तिचे तोंड आवळून ८ मिलिमीटरच्या गोळीएवढे केले आणि झाले काडतूस तयार! बंदुकीसाठीही जुन्याच कल्पना: नळीखाली लाकडात एक लांब पोकळी, तिच्यात आठ काडतुसे एकामागे एक. लेफ्टनंट कर्नल लबेल याचा वाटा प्रामुख्याने नव्या गोळीचा. शिसे या वेगात आट्यांना माखून राही, म्हणून तिला धातूचा अंगरखा घातला होता. बंदुकीला सर्वतोमुखी त्याचेच नाव पडले. अशी ही १८८६ ची लबेल.

दोन वर्षे फ्रान्स जगाच्या पुढे होते. फक्त दोन. १८८८ मध्ये जर्मनीची बिनधुराची बंदूक आली, पाठोपाठ इंग्रजांची, आणि उशिरा निघालेल्या या मंडळींनी काडतूस सावकाश, नव्याने आखले. जर्मन काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड नव्हती आणि अंगही सरळ होते. त्यामुळे माउझर बंदुकीच्या पोटात पाच काडतुसे एकावर एक सुबक बसत आणि पाचांची पट्टी अंगठ्याच्या एका दाबाने आत जाई. फ्रेंच काडतूस बुडाला फुगीर आणि तोंडाला चिमटलेले. रताळ्यासारखे म्हणा. ते एकावर एक रचले की रांग सरळ राहत नाही, केळ्याच्या फणीसारखी वाकते. लबेलच्या नळकांड्यात आठ काडतुसे एकेक करूनच भरावी लागत आणि ती संपल्यावर, ऐन धुमश्चक्रीत, पुन्हा एकेक.

आणि बूलांजे? १८८९ मध्ये पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले तेव्हा तो राज्य बळकावणार असे सर्वांना वाटले. ऐन वेळी कच खाऊन तो बेल्जियमला पळाला आणि ३० सप्टेंबर १८९१ रोजी ब्रुसेल्समध्ये आपल्या प्रेयसीच्या थडग्यापाशी त्याने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. माणूस गेला, त्याच्या घाईत आवळलेली पुंगळी राहिली.

ती बदलता आली नसती का? आली असती, पण दरवर्षी अवघड होत गेली. लबेल बंदुका अखेर २८ लाखांच्या घरात गेल्या. कोठारे ८ मिलिमीटरच्या काडतुसांनी भरली, कारखान्यांतले साचे त्याच मापाचे. शत्रू सीमेवर असताना हे सगळे मोडीत काढण्याची छाती कोणाला होणार? १८९८ मध्ये देसालू याने अखंड पितळी धातूची, टोकदार आणि मागे निमुळती गोळी काढली. टोकदार गोळी जगात सर्वांआधी वापरात आणली ती फ्रान्सनेच. पण ती लबेलच्या नळकांड्यात घालायची म्हणजे एकाचे टोक पुढच्याच्या बुडाला, नेमके स्फोटक टिकलीजवळ. धक्का बसला तर शिपायाच्या हातातच बार! मग काडतुसाच्या बुडाला एक गोल खाच पाडली आणि गोळीचे टोक तिच्यात अडकेल अशी तजवीज केली. रोगावर औषध, आणि औषधावर दुसरे औषध. स्वतः दारूही सुरुवातीला निर्दोष नव्हती. साठवणीत ती हळूहळू कुजे आणि आपोआप पेट घेई. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘येना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या युद्धनौका आपल्याच कोठारांच्या स्फोटाने गेल्या, शेकडो खलाशांसह.

महायुद्धाच्या तोंडावर म्यूनिए याची आपोआप भरणारी, ७ मिलिमीटरची नवी बंदूक तयार झाली होती. काडतूसही नवे. जेमतेम हजारभर बनल्या असतील, तोच युद्धाची छाया दाटली आणि अशा वेळी काडतूस बदलणे नको असे ठरले. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच शिपाई लबेल घेऊन निघाला. अंगात निळा डगला आणि पायांत लालभडक तुमान! ज्या देशाने बिनधुराची दारू शोधून शिपायाला अदृश्य केले, त्याच देशाने आपली पोरे लाल तुमान घालून मशीनगनसमोर पाठवली. सेनापतींची भिस्त संगिनीवर. लबेलची संगीन सुमारे अर्धा मीटर लांबीची, चार कडांची, सुईसारखी. शिपाई तिला लाडाने ‘रोझाली’ म्हणत. रोझालीला आपला पराक्रम दाखवायची संधी फारशी आलीच नाही.

त्याच सप्टेंबरात मार्सेय बंदरात हिंदी फौज उतरली. लाहोर डिव्हिजनच्या लोकांनी बोटीवरून उतरताच आपल्या सरावाच्या बंदुका जमा केल्या आणि नव्या घेतल्या, कारण इंग्रजांची गोळी मधल्या काळात बदलून टोकदार झाली होती. काडतूस बदलले की बंदूक बदलते, हे त्या शिपायांना परक्या धक्क्यावर कळले.

खंदकांच्या लढाईत लबेलचे उणे रोज दिसू लागले. चिखलात बोटे बधिर झालेली, समोरून माणसे धावत येताहेत आणि हा गडी एकेक काडतूस चाचपतो आहे. म्हणून बेर्तिए बंदूक सरसकट वाटायला घेतली. तिचा कर्ता अल्जीरियातल्या रेल्वे कंपनीचा नोकर होता. तिच्यात काडतुसांचा संच एका दमात जाई. पण संच किती काडतुसांचा? तीन. रताळी जास्त रचताच येत नव्हती. समोरच्या जर्मनाजवळ पाच, शेजारच्या इंग्रजाजवळ दहा. १९१६ मध्ये पेटी लांबवून बेर्तिएला कशीबशी पाचांची केली.

पण सगळ्यात करुण कथा शोशाची. कर्नल शोशा याने आखलेली ही हलकी मशीनगन १९१५ पासून एका सायकलीच्या कारखान्यात बनू लागली आणि युद्ध संपेपर्यंत अडीच लाखांच्या आसपास निघाल्या. एका माणसाला चालता चालता झाडता येईल अशी. कल्पना काळाच्या पुढची. पण फुगीर काडतुसे वीस रचली की रांग अर्धगोल होते, म्हणून हिची पेटी चंद्रकोरीसारखी. आतली काडतुसे दिसावीत म्हणून तिची एक बाजू उघडी. व्हेर्दंच्या चिखलात उघडी पेटी! चिखल आत, बंदूक बंद. तिला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. मला वाटते, निम्म्या शिव्या तिच्या कर्त्याच्या नसून १८८६ च्या त्या समितीच्या वाट्याच्या आहेत. फ्रान्सचे १३ लाखांहून अधिक शिपाई त्या युद्धात पडले. बहुतेकांना तोफांनी मारले हे खरे, आणि सारे पाप एका पुंगळीच्या माथी मारणे हा वकिली कावा होईल. तरी ऐन क्षणी बंदूक रिकामी वा अडलेली म्हणून गेले त्यांची मोजदाद कोणत्या दप्तरात असणार?

युद्ध संपल्यावर मात्र फ्रेंचांनी आधी काडतुसाला हात घातला. १९२४ मध्ये कड नसलेले, सरळ अंगाचे साडेसात मिलिमीटरचे काडतूस आले. तेही एकदा ठेचाळले. त्याची पुंगळी ५८ मिलिमीटरची आणि जर्मन माउझरची ५७ ची; मोरोक्कोतल्या मोहिमांत हाती आलेले जर्मन काडतूस नव्या फ्रेंच बंदुकीत सहज बसे आणि त्याची जाडी गोळी बारीक नळीत घुसून अपघात होई. १९२९ मध्ये पुंगळी चार मिलिमीटर कापून चूक दुरुस्त केली. त्या काडतुसाभोवती सेंट एतिएनच्या सरकारी कारखान्याने १९३६ ची ‘मास’ बंदूक बेतली. बिनभपक्याची, शेतकऱ्याच्या अवजारासारखी मजबूत. सुरक्षेचा खटकासुद्धा नाही. वेळ तेवढी गेली होती. १९४० मध्ये जर्मन रणगाडे आले तेव्हा राखीव दलांतल्या कित्येकांच्या हाती त्यांच्या बापांचीच लबेल आणि बेर्तिए होती. पन्नास वर्षे!

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात जुनी रंगत नाही. १९४९ ची आपोआप भरणारी मास हिंदचीन आणि अल्जीरियात लढली. १९७८ पासून ‘फामास’ आली. आखूड, मागे पेटी असलेली. शिपायांनी तिला बिगुल म्हटले. काडतूस अमेरिकन मापाचे, ५.५६ मिलिमीटरचे. पण फामासची घडण अशी की गोळी नळीत असतानाच बोल्ट मागे सरू लागतो. मऊ पितळी पुंगळी त्या ओढीने फाटण्याचा संभव, म्हणून तिच्यासाठी फ्रान्स पोलादी पुंगळीची काडतुसे करी. पुढे देशात बारीक काडतुसे करणे बंद झाले, बाहेरची पितळी घ्यावी लागली आणि फामास कुरकुरू लागली. सबंध युरोपची काडतुसे एका मापाची होत असताना हिच्यासाठी वेगळी पोलादी पुंगळी कोण करून देणार?

२०१६ मध्ये फ्रेंच सरकारने नवी रायफल निवडली आणि पुढच्या वर्षापासून ती पलटणींत जाऊ लागली. ती बनवते हेकलर उंड कॉख ही जर्मन कंपनी. तिचे गाव ओबर्नडॉर्फ, नेकार नदीच्या काठचे. माउझर बंधूंचा कारखाना याच गावात होता. सेंट एतिएनचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला. त्याच्या आवारात २००९ पासून आरेखनकलेचे केंद्र आहे. जुन्या लबेल, बेर्तिए बघायच्या तर त्याच गावातल्या संग्रहालयात जावे लागते. तिथे बंदुकांच्या जोडीला सायकली आणि रेशमी फिती मांडलेल्या आहेत, कारण गावाचे हे तिन्ही धंदे जुने.